कुंडीतला कुमक्वाट आणि कृष्णेकाठचे पाणी

सातारा आणि सांगली हे जिल्हे कागदावर तसे अलीकडेच वेगळे झाले. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. झाडांच्या हिशेबाने मात्र या मुलखाची वाटणी फार जुनी आहे आणि ती पूर्व-पश्चिम आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास, बहुतेक वर्षी त्याहून कमीच. पश्चिमेला जांभा आणि तांबडी, आम्लधर्मी माती. पूर्वेला आणि दक्षिणेला काळी, चुनखडी असलेली. ही वाटणी सर्वांत आधी ज्याच्या पानांवर दिसते ते झाड म्हणजे लिंबूवर्गातले कोणतेही झाड.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या गच्च्यांवर, बाल्कन्यांत आणि बंगल्यांच्या पुढच्या चार हात जागेत या वर्गातली, कुमक्वाटसारखी ठेंगणी झाडे वाढली आहेत. सुपारीएवढ्या केशरी फळांनी लगडलेले दीड-दोन फुटांचे झाड रोपवाटिकेत पाहिले की हात आपोआप खिशाकडे जातो. घरी आणल्यावर मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते: पहिले वर्ष बरे गेले, मग पाने पिवळी पडली, फळे धरेनाशी झाली, झाड खंगत गेले. दोष खताला दिला जातो, कीडनाशकाला दिला जातो, रोपवाल्याला तर दिलाच जातो. या झाडांचा आपल्या दोन जिल्ह्यांपुरता सगळा हिशेब मांडायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. पण त्याआधी, आपण विकत काय घेतो आहोत हे पाहू.

आपल्याकडे ही रोपे येतात ती मुख्यतः पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन परिसरातून आणि आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून. महामार्गालगतचे रोपवाले आणि आठवडी बाजारातले हातगाडीवाले तोच माल पुढे विकतात. ‘चायना ऑरेंज’ या नावाखाली जे मिळते ते बहुतेक वेळा कुमक्वाट नसते, कॅलामॉन्डिन असते. उत्तर भारतात त्यालाच हजारा म्हणतात आणि फिलिपिन्समध्ये ते रोजच्या जेवणातले आंबट फळ आहे. कॅलामॉन्डिन हा कुमक्वाट आणि संत्रावर्गीय झाडाचा संकर. फळ गोल, किंचित चपटे, साल पातळ आणि सहज सुटणारी, आत सात ते दहा फोडी, रस भरपूर आणि चांगलाच आंबट. कुमक्वाटचे फळ सालीसकट खायचे असते. गोडी सालीत असते आणि आंबटपणा आतल्या गरात. फोडी मोजक्या, रस थोडा, साल गराला घट्ट चिकटलेली. पान उलटून पाहिले तर कुमक्वाटच्या पानाची मागची बाजू फिकट, रुपेरी झाक असलेली दिसते. घेण्याआधी एक फळ तोडून सालीसकट चावून पाहावे, शंका तिथल्या तिथे फिटते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही झाडांचा स्वभाव वेगळा आहे. कॅलामॉन्डिन उष्ण हवेत जवळजवळ वर्षभर फुलते. एकाच फांदीवर कळ्या, हिरवी फळे आणि पिकलेली फळे एकत्र दिसतात. ते छाट कलमानेही रुजते आणि स्वतःच्या मुळांवर नीट वाढते. कुमक्वाट हिवाळ्यात झोपी जाणारे झाड आहे. वसंतात इतर लिंबूवर्गीय झाडे फुटतात तेव्हाही ते थांबून राहते, उन्हाळा चांगला तापल्यावर फुलते आणि पुढच्या हिवाळ्यात फळ देते. ते मूळचे चीनचे. स्कॉटिश वनस्पती संग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४६ मध्ये ते लंडनला नेले. पुढे १९१५ मध्ये वॉल्टर स्विंगल यांनी त्याची वेगळी प्रजाती मांडून तिला फॉर्च्यून यांचेच नाव दिले. आज बरेच शास्त्रज्ञ त्याला पुन्हा लिंबूवर्गाच्या मूळ प्रजातीतच धरतात. लांबट फळाचा नागामी, गोल फळाचा मारुमी आणि जाड, गोड सालीचा मेईवा हे त्याचे माहितीतले प्रकार. कच्चे खाण्यासाठी मेईवा सर्वांत चांगला, पण आपल्याकडच्या बाजारात तो नाव लिहून मिळणे विरळाच. चीनमध्ये आणि व्हिएतनाममध्ये नववर्षाला फळांनी भरलेले कुमक्वाटचे कुंडीतले झाड दारात ठेवतात. हे झाड कुंडीत शोभते, हे तिथे शतकानुशतके सिद्ध झालेले आहे.

आता ठेंगणेपणाविषयी. रोपवाला ‘ड्वार्फ’ म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कुमक्वाट आणि कॅलामॉन्डिन मुळातच लहान चणीची आहेत, जमिनीतही ती सहसा फार उंच होत नाहीत. दुसरे, कुंडीत मुळे कोंडली की कोणतेही झाड खुजे राहते. आणि तिसरे, खरे तंत्र म्हणजे खुंट. कुमक्वाट स्वतःच्या मुळांवर दुबळे वाढते, म्हणून त्याचा डोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर भरतात. जपान, चीन आणि अमेरिकेच्या थंड भागांत यासाठी ट्रायफोलिएट ऑरेंज हा तीन पर्णिकांचा, काटेरी खुंट वापरतात. तो थंडी सोसतो, झाड लहान ठेवतो, फळाची प्रत सुधारतो. परदेशी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून हाच सल्ला आपल्याकडे पोहोचतो. सांगलीकराने तो ऐकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा खुंट चुनखडीच्या जमिनीत आणि जास्त सामूच्या (पीएच) पाण्यात तग धरत नाही, त्याच्यावरचे झाड लोहाअभावी पिवळे पडते. आपल्या मातीत रंगपूर लाईमचा खुंट शहाणपणाचा. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांनी जंबेरीबरोबर तो वर्षानुवर्षे वापरला आहे. चुनखडी आणि क्षार तो बऱ्यापैकी सोसतो. त्याने झाड थोडे जोमदार वाढते, पण ते आटोक्यात ठेवायला कुंडी आणि कात्री आहेतच.

आता पाण्याकडे येऊ.

सातारा शहराच्या काही भागाला कासच्या तलावाचे पाणी येते. जांभ्याच्या पठारावर साठलेले ते पावसाचे पाणी असल्याने त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव या पट्ट्यातल्या बंगल्यांत झाडांना घातले जाते ते बहुधा बोअरचे पाणी. ते जड असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. शेतात पाऊस हे क्षार खाली धुऊन नेतो. कुंडीत ते तिथेच साठतात. रोज एक तांब्या पाणी घालायचे, ते वाफ होऊन उडून जायचे आणि क्षार मागे राहायचे, असे वर्षभर चालते. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागला की समजावे, झाडाच्या मुळांभोवतीही तेच साचले आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी ज्या कारणाने क्षारपड झाल्या, तीच गोष्ट एका कुंडीत वर्ष-दोन वर्षांत घडते.

बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू चढतो. लिंबूवर्गाला साडेपाच ते सातच्या दरम्यानचा सामू मानवतो. तो आठच्या पुढे गेला की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग वरची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे चित्र दिसते. हे लोहाच्या कमतरतेचे चिन्ह. पाने लहान, अरुंद आणि ठिपक्याठिपक्यांची झाली तर जस्त कमी पडते आहे. जुन्या पानांवर देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकीचे पान पिवळे पडले तर मॅग्नेशियम. आणि पानांची टोके व कडा करपल्या तर कमतरता नव्हे, क्षार जास्त झाले आहेत. शेवटच्या स्थितीत खत घालणे म्हणजे आजार वाढवणे, आणि बहुतेक लोक नेमके तेच करतात.

उपाय महाग नाहीत. सांगलीच्या भागात पावसाचे पाणी साठवणे सर्वांत चांगले. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९० लिटर पाणी मिळते. दोन-तीन ड्रम भरून ठेवले तर चार-पाच कुंड्यांना ते बरेच दिवस पुरते. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्यावे म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते, ते अवश्य वापरावे. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी मात्र कधीही घालू नये, कारण मूळ पाण्यातले सारे क्षार त्यात एकवटलेले असतात. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने घरोघर ते झाडांना घातले जाते आणि लिंबूवर्गाची झाडे त्यानेच मरतात. बोअरशिवाय इलाज नसेल तर बादलीत लिंबूसत्त्वाची चिमूट टाकावी, त्याने बायकार्बोनेटचा जोर उतरतो. पिवळ्या पानांवर चिलेटेड लोह लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारले तर नवी पाने पंधरा-वीस दिवसांत हिरवी येऊ लागतात. खतांच्या दुकानात स्वस्त हिराकस मिळतो, पण चुनखडीच्या मातीत नुसता टाकला तर तो लगेच निकामी होतो. शेणखतात मुरवून दिला तर थोडा उपयोग होतो.

सिमेंटच्या कुंडीविषयी सावध करायला हवे. नवी सिमेंटची कुंडी काही महिने चुना सोडते आणि मातीचा सामू आणखी वाढवते. ती घ्यायचीच असेल तर आधी काही आठवडे पाण्याने भरून ठेवावी, पाणी बदलत राहावे.

मातीचे म्हणाल तर नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मुळांचा गोळा आतून कोरडाच राहतो. वरून रोज पाणी घालूनही झाड तहानलेले, हे कोडे बहुतेक वेळा असे सुटते. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन भाग, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू किंवा विटांचा भरड चुरा एक भाग, एवढे पुरे. साखर कारखान्याची मळी आपल्याकडे सहज मिळते, पण ती पूर्ण कुजवूनच वापरावी, ताजी असताना ती गरम होते. वर उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंच थर दिला तर उन्हाळ्यात पाण्याची गरज चांगलीच कमी होते.

पश्चिमेकडे प्रश्न उलटा. जावळी, पाटण, महाबळेश्वर, वाईचा पश्चिम भाग इथे माती आम्लधर्मी, पाणी मऊ, त्यामुळे पाने पिवळी पडण्याचा त्रास कमी. पण जून ते सप्टेंबर कुंडी सतत ओली राहते. लिंबूवर्गाच्या मुळांना हवा लागते. पाणी तुंबले की मुळे कुजतात, बुंध्याला डिंक सुटतो. हा डिंक्या रोग. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, तळाची भोके मोकळी ठेवावीत, कलमाचा सांधा मातीच्या वर चार-सहा इंच राहील असे लावावे. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे, धातूचे भांडे वापरायचे नाही. अतिपावसात खतही धुऊन जाते, म्हणून तिथे पावसाळा संपल्यावर सप्टेंबरच्या शेवटी खताचा हप्ता द्यावा.

याच पावसाळी पट्ट्यात कुमक्वाट आणि कॅलामॉन्डिनचा एक मोठा गुण उपयोगी पडतो. कागदी लिंबावर खैऱ्या नावाचा जिवाणूजन्य रोग पडतो. पाने, फांद्या आणि फळांवर खरबरीत तपकिरी फोड येतात आणि वाऱ्या-पावसाच्या शिंतोड्यांनी ते पसरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात कागदी लिंबू यातून क्वचितच सुटते. कुमक्वाट आणि कॅलामॉन्डिन या रोगाला सहसा दाद देत नाहीत. शिवाय तिथल्या थंड रात्रींमुळे सालीला केशरी रंग चांगला चढतो. कुमक्वाटसाठी आपल्या दोन जिल्ह्यांतली खरी जागा हीच: वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सातारा शहराचा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा भाग. कोणी विचारले तर सांगलीकराला मी कॅलामॉन्डिन सुचवीन आणि वाईकराला कुमक्वाट.

सांगलीत कुंडीचा एक वेगळा फायदा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावभाग आणि नदीकाठच्या वस्त्यांतली अंगणे अनेक दिवस पाण्याखाली होती. लिंबूवर्गाची झाडे साचलेले पाणी फार काळ सोसत नाहीत. जिथे पुराची रेषा ठाऊक आहे तिथे जमिनीत झाड लावण्यापेक्षा ते गच्चीवर असणे बरे.

पण गच्चीचाही हिशेब करावा लागतो. १८ इंची कुंडीत सुमारे ४५ ते ५० लिटर माती मावते आणि ओली झाली की तिचे वजन ७० किलोंच्या आसपास जाते. अशा कुंड्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर ठेवाव्यात. कॅलामॉन्डिनला १२ ते १४ इंची कुंडी काही वर्षे पुरते, कुमक्वाटला १४ ते १६, कागदी लिंबाला १८ पेक्षा कमी नाही. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत दुपारी मुळे अक्षरशः भाजतात. फांद्यांना ऊन हवे, किमान सहा तास, पण कुंडीला सावली हवी. कुंडीला बाहेरून चुना फासणे, पश्चिमेच्या बाजूला दुसरी कुंडी किंवा विटांचा आडोसा ठेवणे, इतके केले तरी फरक पडतो. मातीची कुंडी या बाबतीत सर्वांत चांगली, फक्त तिला पाणी जास्त लागते. दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून बाहेरची मुळे बोटभर छाटावीत, नवी माती भरावी. हे काम सांगलीत पहिल्या पावसानंतर आणि पश्चिमेला पाऊस ओसरल्यावर करावे.

छाटणीचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. एकच गोष्ट विसरू नये: कलमाच्या सांध्याखालून येणारे पानसोट दिसताच काढावेत. ते खुंटाचे असतात, सरळ जोमाने वाढतात आणि वरचे कलम मागे टाकतात. ‘आमच्या कुमक्वाटला काटे आले आणि फळ येईना’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

कागदी लिंबाविषयी थोडे सविस्तर. या लेखाचा विषय ठेंगणी झाडे असला तरी आपल्या घरात लागते ते कागदी लिंबूच. पोह्यांवर पिळायला, लोणच्याला, सरबताला त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. ते कुंडीत येते का? येते, पण मनासारखे नाही. बियांपासून केलेले रोप फळावर यायला चार-सहा वर्षे घेते आणि तोवर त्याला कुंडी पुरत नाही. गुटी कलम लवकर फळते, पण त्याची मुळे वरच्या वर पसरतात, त्यामुळे कुंडीत त्याला पाण्याचा ताण पटकन बसतो. घरापुढे आठ-दहा फुटांची मोकळी, निचऱ्याची जागा असेल तर कागदी लिंबू जमिनीत लावावे आणि कॅलामॉन्डिन कुंडीत ठेवावे, हा माझा सल्ला. जातीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती घ्यावी. तिची साल पातळ, रस भरपूर आणि खैऱ्याला ती तुलनेने सहनशील. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांत, जिथे आता म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी पोहोचते आहे, तिथल्या कोरड्या हवेत कागदी लिंबू खैऱ्यापासून बरेचसे सुरक्षित राहते. तिथे घरामागे एक तरी लिंबाचे झाड असायला हवे.

शेतकरी लिंबाला पाणी तोडून ताण देतात आणि मग मृग, हस्त किंवा आंबिया बहार धरतात. हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात येतात, तेव्हा लिंबाचा भाव चढलेला असतो. गच्चीवरच्या हौशी माणसाने हा प्रयोग कुंडीत करू नये. भारी जमिनीत महिनाभर दिलेला ताण आणि कुंडीतला आठवडाभराचा ताण यांत फरक असा की जमिनीत खोल कुठेतरी ओल असते, कुंडीत ती नसते. पाने किंचित मुडपली की पाणी द्यावे, त्यापुढे जाऊ नये. कॅलामॉन्डिनला तर ताणाची गरजच नाही.

किडींमध्ये सर्वांत जास्त दिसते ती लिंबावरची फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि दोन-चार दिवसांत कुंडीतले कोवळे फुटवे फस्त करते. हीच अळी कढीपत्त्यावर आणि बेलावरही वाढते. आपल्या बहुतेक अंगणांत कढीपत्ता असतोच, तेव्हा फुलपाखरू हमखास येणार. लिंबूवर्गाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांत ब्लू मॉरमॉनही आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. घरगुती चार झाडांसाठी विषारी फवारणी करू नये असे मला मनापासून वाटते. अळ्या हाताने उचलाव्यात आणि जमल्यास कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडाव्यात. मोठे झाड त्या सहज पोसते.

कढीपत्त्याची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सिट्रस सिल्ला ही बारीक, तिरकी बसणारी कीड कढीपत्त्यावर आणि विशेषतः मधुकामिनीवर वाढते, आणि ती लिंबूवर्गात ग्रीनिंग नावाचा असाध्य रोग पसरवते. कुंपणाला कामिनी आणि शेजारी कुमक्वाट, ही जोडी टाळावी. नागअळी कोवळ्या पानांत चंदेरी नागमोडी रेषा काढते. ती दिसायला वाईट, पण मोठ्या झाडाचे तिने फारसे बिघडत नाही. निंबोळी अर्क पुरे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर मुंग्यांचा मार्ग आधी बंद करावा, कारण मुंग्याच त्यांना सांभाळतात. कुंडीचे पाय पाण्याच्या थाळ्यांत ठेवण्याची जुनी युक्ती इथे चांगली लागू पडते.

फळांचे काय करायचे, यावर मराठी स्वयंपाकघराला शिकवण्याची गरज नाही. कॅलामॉन्डिनचा रस सरबताला आणि कोशिंबिरीला चालतो, त्याचे मिरची घालून लोणचे उत्तम होते. कुमक्वाट गोल चिरून, बिया काढून, साखरेत मुरवले तर मोरावळ्याच्या बरणीशेजारी ठेवण्याजोगा मुरांबा होतो. लिंबूवर्ग आपल्या संस्कृतीला परका कधीच नव्हता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले म्हाळुंग हे याच कुळातले फळ. म्हाळुंग, ईडलिंबू, पपनस ही आपली जुनी झाडे परसातून मागे पडली. नवी ठेंगणी झाडे आणताना तीही आठवावीत. म्हाळुंगाला मोठी जागा लागते, पण ज्यांच्याकडे परस आहे त्यांनी ते लावावे.

शेवटचा मुद्दा रोपांच्या खात्रीचा, आणि इथे आपण मागे आहोत. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आणि राहुरीचे विद्यापीठ संत्रा, मोसंबी आणि कागदी लिंबाची चांगली रोपे देतात. कुमक्वाट आणि कॅलामॉन्डिन यांच्यासाठी आपल्या हवामानातला, आपल्या पाण्यातला पडताळलेला सल्ला गच्चीवरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. शोभेची झाडे म्हणून ती बाजूला पडतात. बोरगाव आणि कांचनपूरची कृषी विज्ञान केंद्रे आणि कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र यांनी दहा-वीस कुंड्यांत वेगवेगळ्या खुंटांवर ही झाडे ठेवून दोन-तीन वर्षे पाहिली, तरी शहरातल्या हजारो घरांना उपयोगी पडेल अशी माहिती हाती येईल. खर्च फारसा नाही.

तोवर वाचकाने स्वतः करण्याजोगे हे: या पावसाळ्यात रोप घेणार असाल तर आधी बाटलीभर बोअरचे पाणी आणि मूठभर माती जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊन सामू आणि क्षार तपासून घ्या. रोपवाल्याला खुंट कोणता आहे ते विचारा. त्याला सांगता आले नाही तर सांध्याखालच्या फुटव्याची पाने पाहा. तीन पर्णिका असतील तर सांगलीत ते रोप घेऊ नका. आणि रोपवाटिका चालवणाऱ्यांना विनंती, जातीच्या नावाबरोबर खुंटाचे नावही पट्टीवर लिहा.